अडत्याला नड कळू देत नाही, मग ब्राऊझरला का?



आज पिकावर नाही, मोबाईलवर लिहितोय. बऱ्याच जणांचा एकच प्रश्न येतो: "दादा, बोंडअळीबद्दल एकदा शोधलं, आता जिथं जावं तिथं औषधाच्या नाहीतर झटपट कर्जाच्या जाहिराती. ह्यांना कळतं कसं?"

कळतं असं. आपण एखादं पान उघडतो तेव्हा त्या पानात जाहिरात कंपन्यांचेही छोटे तुकडे असतात, त्यांना ट्रॅकर म्हणतात. तेच ट्रॅकर दुसऱ्या, तिसऱ्या साईटवरही बसलेले असतात. मग सकाळी तुम्ही 'कपाशी पिवळी पडली उपाय' वाचलं, दुपारी 'पीक कर्ज पुनर्गठन' आणि रात्री 'सोने तारण व्याजदर', तर या तिन्हीची सांगड घालता येते. आता विचार करा, या तीन ओळींत तुमच्या घरची सगळी परिस्थिती आली की नाही? घरात पैशाची नड आहे हे आपण अडत्याला कळू देत नाही, कारण कळलं की भाव पडतो. शेजाऱ्यालाही सांगत नाही. आणि ज्याचं तोंडही पाहिलं नाही अशा कंपनीला मात्र फुकटात सांगतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ब्राऊझर निवडून घ्यावा, फोनमध्ये आधीपासून आहे तोच चालवू नये. निवडताना दोन गोष्टी बघाव्यात: कोड उघडा आहे का, आणि बनवणाऱ्याचं पोट कशावर चालतं.

उघडा कोड म्हणजे ओपन सोर्स. दशपर्णी अर्कासारखं समजा. कृती सगळ्यांना माहीत, कोणीही तपासावी, सुधारावी. उलट, आत काय आहे ते न लिहिलेली टॉनिकची बाटली. मला कोड वाचता येत नाही. पण माती परीक्षणही मी स्वतः करत नाही, शंका आली तर नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत नेतो. कोड उघडा असला की तशी सोय राहते.

नुसतं ओपन सोर्स पुरत नाही, हेही खरं. क्रोमियम हा गुगलने 2008 साली खुला केलेला प्रकल्प, त्याच्यावरच क्रोम उभा आहे. पण गुगलची मोठी कमाई जाहिरातीची. राखणदार आणि गिऱ्हाईक एकच.

मी फायरफॉक्स वापरतो. त्यामागे मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था आहे. तीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. तिच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गुगलकडूनच येतो, शोधासाठी गुगल आधीपासून लावून ठेवण्याबद्दल. 2025 च्या फेब्रुवारीत 'तुमचा डेटा विकणार नाही' हे वचन त्यांनी शब्द बदलून मागे घेतलं. लोक भडकले, मग अटींची भाषा सुधारावी लागली. ब्रेव्ह आपणहून जाहिराती अडवतो, चांगला आहे, पण 2020 साली काही पत्त्यांना स्वतःच्या कमिशनचा कोड जोडताना तो पकडला गेला होता. टॉर सगळ्यात पक्का, पण शेतातल्या रेंजवर पान उघडेपर्यंत मोटार बंद करून यावं.

मग फायरफॉक्सच का? अँड्रॉइडवर त्याला यूब्लॉक ओरिजिन जोडता येतं, तिथल्या क्रोमला असं काही जोडताच येत नाही. याने ट्रॅकर तर अडतातच, शिवाय पान हलकं होतं, डेटा वाचतो. हवामानाच्या साईटवर ते खोटं 'डाउनलोड' बटण असतं ना, दाबलं की भलतंच ॲप उतरतं? बहुतेक ठिकाणी तेही गायब.

लावायला पाच मिनिटं. प्ले स्टोअरवरून फायरफॉक्स घ्या, तीन ठिपक्यांच्या मेनूत एक्स्टेंशन, तिथं यूब्लॉक ओरिजिन. सेटिंगमध्ये शोधासाठी डकडकगो ठेवा, आणि हाच ब्राऊझर कायमचा करा. भाषा मराठीही होते.

काय होणार नाही, तेही ऐका. गुगल खात्यात लॉग-इन राहून गुगलवरच शोधलंत तर गुगलला कळणारच, ब्राऊझर कुठलाही असो. खत-बियाण्याच्या ॲपला तुम्ही कॉन्टॅक्ट बघायची परवानगी दिली असेल तर तिथं ब्राऊझर काय करणार? आणि इन्कॉग्निटोवर विसंबू नका. त्यात फक्त तुमच्या फोनमधली नोंद राहत नाही, साईटला दिसायचं ते दिसतंच. अमेरिकेत याच गोष्टीवरून 2020 मध्ये गुगलवर दावा झाला आणि 2024 मध्ये साठवलेला डेटा नष्ट करायचं गुगलने कबूल केलं.

सातबारा, पीक विमा वगैरेसाठी पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघूनच माहिती भरा. एखादी सरकारी साईट फायरफॉक्समध्ये अडली, तर त्या पानापुरतं यूब्लॉक बंद करून बघा. तरीही नाही चाललं तर तेवढ्या कामापुरता क्रोम उघडा, काम झालं की बंद. त्यासाठी तो फोनमध्ये असू द्या.

ज्यांनी आधीच फायरफॉक्स टाकलाय त्यांनी महाडीबीटीवर कागदपत्रं अपलोड नीट होतात का ते फोनच्या मॉडेलसह खाली लिहा. जुन्या, कमी रॅमच्या फोनवाल्यांनी तर नक्की लिहा.