विश्लेषण : एचआयव्ही आटोक्यात, मग डोळ्यांचे काय?

एचआयव्हीबाधित रुग्ण आता औषधांच्या जोरावर वर्षानुवर्षे चांगले जगतात, नोकरी-धंदा करतात, नातवंडे पाहतात. मात्र ज्यांचे निदान फार उशिरा होते किंवा ज्यांनी औषधे मध्येच सोडलेली असतात, त्यांच्यात एक जुना आजार आजही दृष्टी हिरावून नेतो. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ डॉ. डग्लस जॅब्स यांनी या आजाराचा अनेक दशके पाठपुरावा केला. त्यातून हाती आलेली माहिती, देशात सर्वाधिक एचआयव्हीबाधित असलेल्या महाराष्ट्राला लागू पडणारी आहे. ती एआरटी केंद्राच्या टेबलापर्यंत पोहोचते का, हा खरा प्रश्न आहे.

डोळ्यात नेमके काय होते?

आजाराचे नाव सायटोमेगॅलोव्हायरस रेटिनायटिस, म्हणजे सीएमव्ही विषाणूमुळे दृष्टिपटलाला होणारा दाह. हा विषाणू काही दुर्मीळ नव्हे. बहुतेक भारतीय प्रौढांच्या शरीरात तो लहानपणापासून मुक्कामाला असतो आणि प्रतिकारशक्ती धड असेपर्यंत गप्प बसतो. एचआयव्हीमुळे सीडी४ पेशींची संख्या घसरून ५० च्या खाली गेली, की तो जागा होतो आणि रक्तावाटे दृष्टिपटलात शिरतो. तेथील पेशी मरतात. मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. आजूबाजूचे पातळ झालेले पटल पुढे फाटून सुटूही शकते.

यात दुखत नाही आणि डोळा लालही होत नाही. सुरुवात पुष्कळदा पटलाच्या कडेला होत असल्याने समोरचे अक्षर नीट वाचता येते. फार तर डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगतात, नजरेच्या एका कोपऱ्यात सावली येते. क्षयरोग, जुलाब, ताप यांनी अंथरूण धरलेला माणूस अशा ठिपक्यांची तक्रार घेऊन डॉक्टरकडे जाईल ही अपेक्षाच चुकीची. म्हणून ‘अक्षरतक्त्यावर नजर चांगली आहे’ या शेऱ्याला इथे अर्थ नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून आत पाहिल्याशिवाय आजार सापडत नाही.

डॉ. जॅब्स यांच्या चाचण्यांनी काय दाखवले?

जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या न्यूमोनियाची जी नोंद प्रसिद्ध झाली, ती एड्सविषयीची पहिली नोंद मानली जाते. त्या पाचही जणांत सीएमव्हीचा संसर्ग आढळला होता. पुढच्या काळात अमेरिकेत एड्सच्या सुमारे ३० टक्के रुग्णांना कधी ना कधी हा दृष्टिपटलदाह होई. गॅन्सिक्लोव्हिर (१९८९) आणि फॉस्कार्नेट (१९९१) ही दोन औषधे तिथे मंजूर झाली, तीही शिरेतून द्यायची. पहिले अस्थिमज्जेला त्रास देणारे, दुसरे मूत्रपिंडाला. यातले कोणते द्यायचे?

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या विल्मर नेत्रसंस्थेत असलेल्या डॉ. जॅब्स यांच्या नेतृत्वाखालील ‘सोका’ या संशोधन गटाने दोन्हींची थेट तुलना केली. २३४ रुग्ण सहभागी झाले. डोळ्यांपुरते पाहिले तर दोन्ही औषधे सारखीच निघाली. पण फॉस्कार्नेट घेणारे रुग्ण अधिक जगले. त्यांचे मध्यक आयुर्मान १२.६ महिने होते, गॅन्सिक्लोव्हिर गटाचे ८.५ महिने. हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. आज हे आकडे वाचताना अंगावर काटा येतो, कारण चार महिन्यांचा फरक तेव्हा मोठी बातमी होती. डोळ्याच्या चाचणीत मृत्यूही मोजायचे, हा या गटाचा आग्रह मात्र पुढे फार कामी आला.

१९९६ नंतर एचआयव्हीविरोधी औषधांचे एकत्रित उपचार आले आणि या आजाराचे नवे रुग्ण झपाट्याने घटले. बहुतेकांनी विषय संपला असे मानले. डॉ. जॅब्स यांच्या गटाने उलट १९९८ मध्ये एड्स रुग्णांच्या डोळ्यांचा दीर्घकालीन पाठपुरावा सुरू केला. तो पुढे दीड दशक चालला.

इंजेक्शन की गोळी?

या पाठपुराव्यातला भारतासाठी सर्वात मोलाचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला. डोळ्यात थेट औषध टोचणे स्वस्त आणि सोपे, त्यामुळे गरीब देशांत तोच उपचार रूढ झालेला. पण केवळ डोळ्यात इंजेक्शन घेणाऱ्यांच्या तुलनेत, संपूर्ण शरीरात जाणारे औषध घेणाऱ्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण निम्मे होते. दुसऱ्या डोळ्याला आजार होण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी, तर इतर अवयवांत सीएमव्ही पसरण्याचे सुमारे ९० टक्क्यांनी कमी. हा चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हता, निरीक्षणातून निघालेला निष्कर्ष होता, हे ध्यानात घ्यायला हवे. तरीही त्यामागचे कारण सरळ आहे. विषाणू रक्तात आहे आणि डोळा ही त्याची दिसणारी जागा आहे. एका डोळ्यात सुई टोचून रक्तातला विषाणू जात नाही.

शरीरभर जाणारे औषध आता शिरेतूनच द्यावे लागते असेही नाही. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची गोळी २००१ मध्ये आली. भारतात तिच्या पेटंटवर रुग्णसंघटनांनी आक्षेप घेतला, प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१० मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने ते पेटंट फेटाळले. जेनेरिक गोळ्या बनवण्याची वाट मोकळी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ही गोळी आहे. गोळी आयुष्यभर घ्यावी लागत नाही. एचआयव्हीच्या औषधांनी सीडी४ पेशी १०० च्या वर जाऊन काही महिने टिकल्या, की डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती थांबवता येते.

मग अडते कुठे?

अडते ते डोळ्यात पाहण्यापाशी. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ डॉ. डेव्हिड हायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्येच या आजाराला एड्सच्या साथीतला दुर्लक्षित आजार म्हटले होते. नेत्रतज्ज्ञाची वाट पाहत बसण्याऐवजी एचआयव्ही केंद्रातल्या डॉक्टरांनाच दृष्टिपटल पाहायला शिकवा, हा त्यांचा मार्ग. म्यानमारसारख्या देशात तो प्रत्यक्षात आला. लागते काय, तर डोक्याला बांधायचा दिवा, हातात धरायचे भिंग, बाहुली मोठी करणारे थेंब आणि काही दिवसांचे प्रशिक्षण.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रगत अवस्थेतील एचआयव्हीसाठी तपासण्यांचा संच सुचवला. त्यात क्षयरोग आहे, मेंदूज्वर करणाऱ्या क्रिप्टोकोकस बुरशीची तपासणी आहे, डोळ्याची तपासणी नाही. कारण उघड आहे. संच मृत्यू टाळण्यासाठी बनवला गेला. आंधळा झालेला रुग्ण आकडेवारीत ‘उपचार सुरू’ याच रकान्यात राहतो, त्याच्या विषाणूचे प्रमाणही आटोक्यात दिसते. कार्यक्रम यशस्वी आणि माणूस घरात बसून, असे हे गणित आहे.

भारतात एड्समधील नेत्रविकारांचे पहिले दोन रुग्ण चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे डॉ. ज्योतिर्मय बिस्वास व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नोंदवले, म्हणजे ज्ञान इथे कधीचेच आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटीही मोफत मिळते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एआरटी केंद्र आणि नावाजलेला नेत्रविभाग एकाच आवारात आहेत. पण तालुक्याहून एसटीने जिल्ह्याच्या गावी येणाऱ्या रुग्णाला एआरटीची खिडकी एका दिवशी आणि नेत्रतज्ज्ञ दुसऱ्या दिवशी गाठावा लागला, तर त्याची दोन दिवसांची मजुरी बुडते. शिवाय चिठ्ठीवरचे निदान दुसऱ्या विभागात उघड होण्याची धास्ती असते, ती वेगळीच. अशी चिठ्ठी अनेकदा खिशातच राहते.

औषधे सुरू असलेले निर्धास्त राहू शकतात का?

पूर्णपणे नाही. प्रतिकारशक्ती परत येत असतानाच काहींच्या डोळ्यात नव्याने सूज येते, कारण सावरलेल्या पेशी उरल्यासुरल्या विषाणूवर तुटून पडतात. औषध सुरू केल्यावर नजर धूसर झाली म्हणून औषधच सोडणारे असतात, त्यांना हे आधी सांगून ठेवलेले बरे. दुसरी गोष्ट वयाची. डॉ. जॅब्स यांच्या गटाला एड्सच्या रुग्णांत, उतारवयात होणाऱ्या दृष्टिपटलाच्या झिजेची मधली अवस्था सुमारे चौपट प्रमाणात आढळली, तीही त्यांच्या वयाच्या मानाने लवकर. वीस वर्षांपूर्वी एआरटी सुरू केलेले महाराष्ट्रातील अनेक जण आता पन्नाशी-साठीत आहेत. ‘वय झाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल’ म्हणून त्यांना परत पाठवणे परवडणारे नाही.

सीडी४ चा अहवाल १०० च्या खाली आला, की त्याच दिवशी, त्याच इमारतीत थेंब घालून दोन्ही डोळे तपासले जावेत आणि आजार सापडल्यास व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची गोळी एआरटीच्या खिडकीवरच मोफत मिळावी. असे रुग्ण कोणत्याही एका केंद्रात रोज रांग लावून येत नाहीत. त्यामुळे हा खर्च राज्याच्या आरोग्य खात्याला न झेपणारा नाही. तोवर रुग्णाने स्वतः करायचे एवढेच : आठवड्यातून एकदा एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहावे, मग डोळा बदलावा. ठिपके, सावली किंवा पुसट कोपरा दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता केंद्र गाठावे.