आनंद देत नाही म्हणून टाकायचं?

घर आवरायचा मारी कोंडोबाईंचा मंत्र हल्ली सगळ्यांना पाठ आहे: वस्तू हातात घ्या, आनंद वाटला तर ठेवा, नाहीतर निरोप द्या. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. वारलेल्या आईचा चष्मा हातात घेऊन कुणाला आनंद होतो? रडू येतं. म्हणून तो अडगळ?

इंदूरच्या कृष्णपुऱ्यात कान्ह नदीकाठी होळकरांच्या छत्र्या आहेत: कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव, शिवाजीराव. २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं हे शहर. पण राजवाड्याजवळची एवढी मोक्याची जागा अजून गेलेल्यांसाठी राखून आहे. आणि तिथे काही त्यांचं सगळं सामान रचून ठेवलेलं नाही. एकेका माणसाला एक छत्री. दुःखाला जागा दिली, पण मोजून.

आपल्या गोव्यातल्या घरांत नेमकं उलटं. माळ्यावर तीन पिढ्यांचे पेटारे, आवरायचं ओझं एकट्या सुनेवर. मुंबईचे दीर फोनवरून सांगणार, "काही टाकू नकोस." शेवटी ती वैतागते आणि सगळंच भंगारवाल्याला जातं, आजोबांच्या नाटकांच्या नकलांसकट. दोष तिचा नव्हे.

चतुर्थीला सगळे घरी जमतातच. तेव्हा दोन तास माळ्यावर बसा. गेलेल्या माणसामागे एक पेटी भरा, बाकीचं खुशाल द्या. आणि ती पेटी कोण सांभाळणार, तेही तिथेच ठरवा.