शब्दांचे कूळ पाहावे की शील?

जर्मनीत एखाद्या बाटलीवर 'गिफ्ट' असे छापलेले दिसले, तर ती भेटीची वस्तू समजून कोणी घरी आणू नये. जर्मन भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष. इंग्रजीत त्याच अक्षरांनी लिहिला जाणारा शब्द देणगीचा वाचक आहे, हे आपण शाळेपासून जाणतो. एका शब्दाच्या नशिबी अमृत आणि विष दोन्ही कसे यावे?

हा योगायोग नाही. इंग्रजीत 'गिव्ह' आणि जर्मनमध्ये 'गेबेन' म्हणजे देणे. जे दिले जाते ते 'गिफ्ट'. जर्मनमध्येही या शब्दाचा पूर्वीचा अर्थ देणगी असाच होता. पुढे ग्रीक-लॅटिनमधील 'डोसिस' या शब्दाच्या धर्तीवर तो औषधाच्या 'दिलेल्या' मात्रेला लागू लागला आणि मग ज्या मात्रेचे नाव उघड घ्यायचे नाही, तिच्यासाठी तो राखीव झाला. आपल्याकडेही "त्याला कोणी काही दिले-बिले तर नाही ना?" असे दबक्या आवाजात विचारतात. काय दिले, ते विचारणारा बोलत नाही आणि ऐकणारा समजून घेतो. जर्मनांनी ही मोघम बोली कायमची केली, इतकेच.

या एका उदाहरणावरून एक मोठा प्रश्न उभा राहतो. लग्न जुळवताना जसे कूळ आणि शील दोन्ही पाहतात, तसे शब्दांच्या बाबतीतही लोक करतात. कोणी म्हणतो, शब्द परक्या कुळातला आहे, त्याला हाकला. कोणी म्हणतो, मूळ धातूचा अर्थ अमुक आहे, तेव्हा तोच खरा अर्थ. माझे मत असे की, शब्दाचे कूळ जरूर अभ्यासावे, त्यासारखा आनंद नाही. पण शब्दाची किंमत त्याच्या शीलावरून, म्हणजे तो आज काय काम करतो यावरून ठरवावी. जर्मन आणि इंग्रजी या दोन बहिणींच्या घरातली उदाहरणे पाहिली, तर हे मत कोणालाही पटावे.

बहिणी हा शब्द मी लाक्षणिक अर्थाने वापरलेला नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकापासून आजच्या उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन वगैरे टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये गेल्या. त्यांच्या बोलींतून इंग्रजी घडली. मागे राहिलेल्या भाऊबंदांच्या बोली आपल्या वाटेने गेल्या. या घराण्याशी आपलेही दूरचे नाते आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाविषयी जे भाषण केले, त्यात याच घराण्यातील गॉथिक भाषेचाही उल्लेख होता. पुढे १८२२ साली याकोब ग्रिम यांनी या घराण्यातील ध्वनिबदलांचा नियम मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा ग्रिम बंधूंपैकी हेच थोरले.

तो नियम किती शिस्तीचा आहे, हे आपले आपल्यालाच ताडून पाहता येते. संस्कृतातला 'द' इंग्रजीत 'ट' होतो आणि जर्मनमध्ये आणखी एक पायरी पुढे जाऊन 'त्स' होतो. दश, टेन, त्सेन. दंत, टूथ, त्सान. द्वि, टू, त्स्वाय. हा नियम हाती धरला की बंद दारे उघडू लागतात. इंग्रजी 'टाउन' म्हणजे शहर. त्याचा जर्मन भाऊ शोधायचा तर आरंभी 'त्स' हवा. आणि खरोखरच 'त्साउन' हा शब्द सापडतो. पण त्याचा अर्थ आहे कुंपण! कुंपण घातलेली जागा, तिच्यात वस्ती, वस्तीचे गाव आणि गावाचे शहर, असा इंग्रजी शब्दाचा प्रवास झाला. याच कुळातला डच शब्द 'टाउन' असाच उच्चारतात, पण त्याचा अर्थ बाग. आपल्या कोकणी माणसाला यात काहीच नवल वाटणार नाही. सुपारीची बाग ती वाडी आणि चार घरांची वस्ती तीही वाडीच. आणि ज्या संस्कृत 'वाट' शब्दापासून ती आली, त्याचा अर्थ कुंपणाने वेढलेली जागा.

आता या बहिणींच्या घरातल्या मुलांचे काय झाले ते पाहू. जुन्या इंग्रजीत पोरासाठी, हाताखालच्या मुलासाठी एक शब्द होता. तोच आजचा 'नाइट'. चिलखत घालून घोड्यावर बसलेला सरदार. लिहिताना त्याच्या आरंभी 'के' आणि मध्ये 'जी-एच' ही अक्षरे येतात व आपल्याकडचा विद्यार्थी ती घोकून बेजार होतो. ही अक्षरे एके काळी उच्चारली जात. जर्मन भावंडात ती आजही ऐकू येतात: 'क्नेख्ट'. पण हा क्नेख्ट सरदार नाही. शेतावर राबणारा गडी आहे. एकाच मुळाचा शब्द, एका घरी दरबारात चढला, दुसऱ्या घरी गोठ्यात राहिला. पोरासाठी आणखी एक शब्द होता. त्याचा जर्मन वंशज 'क्नाबे' आजही निरागस मुलगाच आहे; इंग्रजी वंशज 'नेव्ह' मात्र बदमाश ठरला. पत्त्यांतल्या ज्या पानाला आपण गुलाम म्हणतो, त्यालाही इंग्रजीत हेच नाव आहे. आता सांगा, यांच्या जन्मावरून यांची योग्यता कशी ठरवणार?

दुसरी जोडी याहून बोलकी आहे. जर्मन 'झेलिश' म्हणजे धन्य, पुण्यवान. दिवंगत माणसाच्या नावाला जोडून आपल्या 'कैलासवासी'सारखाही तो वापरतात. त्याचाच इंग्रजी भाऊ 'सिली', म्हणजे मूर्ख. धन्य म्हणून निष्पाप, निष्पाप म्हणून भोळा, भोळा म्हणून बिचारा आणि बिचारा म्हणून बावळट, अशा पायऱ्या उतरत तो खाली आला. हसण्यापूर्वी आपल्या घरात डोकवावे. सम्राट अशोकाने शिलालेखांत अभिमानाने मिरवलेली 'देवानांप्रिय' ही पदवी पुढच्या संस्कृतात मूर्खाला लावली जाऊ लागली. साधेपणाची थट्टा करण्याची खोड कोणा एका भाषेची मक्तेदारी नाही.

तिसरी जोडी 'टीर' आणि 'डिअर' यांची. जर्मन टीर म्हणजे कोणताही प्राणी; इंग्रजी डिअर म्हणजे फक्त हरिण. जुन्या इंग्रजीत हाही शब्द सर्व जनावरांना लागू होता. शिकारीच्या नादात तो एकाच जनावराला चिकटला असावा. आपल्या 'मृग' शब्दाची कथा हुबेहूब हीच. वेदांत मृग म्हणजे रानटी पशू. म्हणून सिंह मृगेंद्र, म्हणून वानर शाखामृग आणि म्हणून शिकार ती मृगया. आज मृग म्हटले की डोळ्यांपुढे हरिणच येते. हजारो कोसांवरच्या दोन समाजांनी एकमेकांना न विचारता एकच वाट धरली. मूळ अर्थ हाच खरा अर्थ असे म्हणणाऱ्याने उद्या सिंहाला मृग म्हणून हाक मारून पाहावी.

आता परक्या कुळाच्या शब्दांकडे वळू. जर्मन 'प्फेफर' आणि इंग्रजी 'पेपर' म्हणजे मिरी. पण हा शब्द त्यांचा नव्हे. आपल्या 'पिप्पली'चा, म्हणजे आजीच्या बटव्यातल्या पिंपळीचा, ग्रीक आणि लॅटिनमार्गे तिकडे गेलेला वंशज. तो जर्मनांकडे इतक्या लवकर पोचला की त्यांच्या ध्वनिबदलात सापडून 'प'चा 'प्फ' झाला. त्यांचा 'त्सुकर' आणि इंग्रजांचा 'शुगर' हेही आपल्या 'शर्करे'चेच. फारसी आणि अरबी मुलखांतून हिंडत गेलेले. आज एखाद्या जर्मन गृहिणीला सांगा की, बाई, तुमच्या स्वयंपाकघरातले हे दोन शब्द परके आहेत, टाकून द्या. ती आपल्यालाच झेलिश नव्हे, सिली समजेल.

भाषाशुद्धीचे प्रयोग जर्मनीतही पुष्कळ झाले. १८७७ साली तिथल्या टपालखात्याचे प्रमुख हाइनरिश फॉन श्टेफान यांनी टेलिफोनला 'फेर्नश्प्रेखर', म्हणजे दूरभाषक, असे देशी नाव दिले. सरकारी कागदांवर ते दीर्घकाळ नांदले, पण लोकांच्या तोंडी टेलिफोनच राहिला. उलट दूरचित्रवाणीसाठीचा 'फेर्नझेहेन', म्हणजे दूरचे पाहणे, हा घरचा शब्द सर्वांनी उचलला. आपल्याकडेही हेच घडले. 'दूरध्वनी' पत्रिकांवर छापला गेला आणि बोलण्यात फोन उरला. पण सावरकरांनी सुचवलेला 'महापौर' इतका रुजला की तो कोणी घडवला होता हेही आपण विसरलो. चावी, पाव, बटाटा पोर्तुगीजांकडून आले. हवा, जमीन, दरवाजा फारसीतून आले. शुद्धीसाठी यांना घराबाहेर काढायचे तर दरवाजा उघडायला चावीही उरणार नाही. नवा देशी शब्द अवश्य घडवावा. त्याला परीक्षा एकच: तो लोकांच्या कामी येतो का?

हा वाद केवळ पंडितांचा असता, तर इतके पानभर लिहिण्याचे कारण नव्हते. पण शब्दाच्या कुळावरून माणसाचे कूळ ठरवण्याचा प्रकार एकदा घडला आहे, आणि तोही ग्रिमच्याच देशात. 'आर्य' हा आपल्या संस्कृतातला शब्द. सभ्य, आदरणीय असा त्याचा वापर. बुद्धाची चार सत्ये ती आर्यसत्ये आणि नाटकातली नायिका पतीला म्हणते आर्यपुत्र. भाषांचे नाते सांगण्यासाठी पंडितांनी तो उसना घेतला आणि पुढे इतरांनी तो रक्तावर नेऊन चिकटवला. जन्माने जर्मन असलेल्या मॅक्स म्युल्लर यांनी १८८८ साली स्पष्ट बजावले होते की, आपण आर्य म्हणतो ते भाषेविषयी. त्याचा रक्ताशी वा कवटीच्या आकाराशी संबंध नाही. ते कोणी ऐकले नाही. एप्रिल १९३३ मध्ये जर्मनीत कायदा झाला आणि आर्य वंशाचे नाहीत म्हणून ज्यू प्राध्यापकांना आणि सरकारी नोकरांना कामावरून काढण्यात आले. पुढचा नरसंहार जगाला ठाऊक आहे. आदरार्थी शब्दाचे गिफ्ट झाले, जर्मन अर्थाचे.

आणि आपणही फार निर्धास्त राहू नये. जर्मनमध्ये 'मिट' म्हणजे सोबत. नवरीसोबत जे द्यायचे, ते 'मिटगिफ्ट'. त्याचा अर्थ हुंडा. त्या जुन्या जोडशब्दात देणगीचा मूळ अर्थ अजून शिल्लक आहे. पण आजच्या जर्मन कानाला त्यात विषही ऐकू येतेच. आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने हुंडा गुन्हा ठरला, तेव्हापासून हा शब्द बैठकीत कोणी उच्चारत नाही. आता म्हणतात, "आम्हाला काही नको हो, तुम्ही आपल्या मुलीला काय गिफ्ट द्याल ते द्या." मुलीचा बाप समजायचे ते समजतो आणि कर्ज काढायला निघतो.

शब्द देणगीच्या कुळातला आहे, यात शंका नाही. त्याचे शील मात्र त्या बापाला विचारावे.