किती देश झाले?

दिल्लीत पियानोवादकाची ओळख करून द्यायची एक पद्धत पडून गेली आहे. निवेदक आधी देश मोजतो, मग शहरं, मग ज्यांच्याबरोबर वाजवलं त्या परदेशी कलावंतांची नावं वाचतो. काय वाजवणार हे शेवटी येतं, तेही घाईत, कारण पहिल्या रांगेतल्या राजदूतांचं स्वागत अजून राहिलेलं असतं. सतारियाची ओळख आपण अशी करून देत नाही. तिथे गुरू कोण, घराणं कोणतं, हे आधी. पियानोवादकाच्या बाबतीत पासपोर्टवरचे शिक्के हेच घराणं. माझं भांडण या सवयीशी आहे आणि ते शिष्टाचारापुरतं नाही. या सवयीच्या मुळाशी एक समजूत आहे: पियानोवादक बाहेर घडतो, इथे तो फक्त दाखवायचा असतो.

उत्सव लाल हे आजचं ठळक नाव. जन्म दिल्लीचा, १९९२चा. वाढला डब्लिनमध्ये, शिकला ग्लासगोत आणि बोस्टनमध्ये, पुढे न्यू यॉर्कला स्थिरावला. हिंदुस्थानी राग पियानोवर मांडणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी त्याने ध्रुपदाची तालीम घेतली ती डागर परंपरेत. त्याची याबद्दल काही तक्रार आहे असं मी सुचवत नाही. मुद्दा आपला आहे. त्याच्या कामाचा विषय इथला, तालीम इथल्या परंपरेची, आणि व्यासपीठ मात्र बहुतेक तिकडचं. मग आपण अभिमानाने म्हणतो, ‘आपला मुलगा जगभर वाजवतो.’ जगभर म्हणजे कुठे, याचं उत्तर देताना दिल्लीचं नाव घेताना जरा अडखळायला होतं.

यावर लगेच येणारं उत्तर मला ठाऊक आहे: वाद्यच परकं, त्याला इथे श्रोता कुठून मिळणार? मराठी माणसाने तरी हे बोलू नये. ज्या ऑर्गनच्या सुरावर आपल्या दोन-तीन पिढ्या नाट्यपदांना माना डोलावत आल्या, तो काय नाशिकच्या घाटावर उगवला होता? व्हायोलिन परकं नव्हतं का? कर्नाटक संगीताने त्याला मांडीवर घेतलं आणि दोनशे वर्षांत ते कुणाला परकं वाटेनासं झालं. परकेपणा हा वाद्याचा गुण नसतो. ते कुणी किती दिवस घरात ठेवलं यावर तो ठरतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. पियानोच्या पट्टीवर मींड निघत नाही. दरबारी कानड्यातला आंदोलित कोमल गंधार एका पट्टीवर बसवायचा म्हणजे हलत्या दिव्याचं छायाचित्र काढायचं. हे खरं आहे. पण या खऱ्या आक्षेपाचं दिल्लीने काय केलं ते पाहा. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. त्याआधी आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताची बाजू सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लेखणी चालवली होती. स्वातंत्र्यानंतर आपले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी मंत्री होते. त्यांच्याही कारकिर्दीत ती बंदी उठली नाही. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. मधली तीस वर्षं तेच गवई बाहेरच्या मैफलीत पेटीवाल्याला शेजारी बसवून गात होते. सरकारी सूर वेगळा, बैठकीतला वेगळा!

आणि ज्यांनी आक्षेप मनावर घेऊन काम केलं, त्यांचं काय झालं? सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, पेशाने डेप्युटी कलेक्टर. निवृत्तीनंतर त्यांनी बावीस श्रुतींचं गणित मांडलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेतली, आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाबरोबर श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, वाद झाला, पंडितांनी ती नाकारली. पंडित चुकले असं मी म्हणत नाही. ती पेटी अपुरीच असेल. पण अपुऱ्या वाद्यावर पुढची पंचवीस वर्षं कुणी तरी खपायचं असतं, त्यासाठी संस्था असतात. आपल्या संस्थांनी बंदी घालणं पसंत केलं. त्याला खर्च येत नाही. आमच्या काळात ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा घडवली, तीही स्वतःच्या ध्यासावर. आणि वाजवता वाजवता प्रत्येक सुराची उंची बदलता येईल असा पियानो? तो इंग्लंडमध्ये जेफ स्मिथ यांनी बनवला. त्यावर राग वाजवून उत्सव लालने २०१६ साली ध्वनिमुद्रिका काढली. प्रश्न सांगलीचा, वाद बडोद्याचा, बंदी दिल्लीची, आणि उत्तर शोधायला दिल्लीत जन्मलेला मुलगा जातो कुठे, तर साहेबाच्या देशात.

आता पैशाकडे येतो, कारण त्याबद्दल बोलणं असभ्य मानलं जातं. दिल्लीत पाश्चात्त्य अभिजात संगीताचे कितीतरी कार्यक्रम परदेशी दूतावास आणि त्यांची सांस्कृतिक केंद्रं करतात. त्यांचे मी आभारच मानतो. ते नसते तर अनेक संध्याकाळी लोदी रोडच्या परिसरात फक्त चहा झाला असता. पण पाहुण्या वादकाचा खर्च त्याचं सरकार उचलतं, प्रवेश मोफत ठेवतं, आणि श्रोत्याला सवय लागते की पियानो ऐकायचे पैसे द्यायचे नसतात. ती सवय मग इथल्या वादकाच्या मुळावर येते. त्याला सांगितलं जातं, ‘मानधन नाही, पण व्यासपीठ मिळेल.’ व्यासपीठावर पियानोचा हप्ता फेडता येत नाही. झुबिन मेहतांसारखा माणूस २०१३ साली श्रीनगरच्या शालिमार बागेत वाद्यवृंद घेऊन आला, तेव्हाही यजमान कोण? दिल्लीतला जर्मन दूतावास. मुंबईच्या माणसाचं माहेरपण बर्लिनने केलं, आणि आपण दूरदर्शनवर पाहिलं.

पियानोवादक हा वादकांमधला सगळ्यात लाचार प्राणी आहे, हेही लक्षात घ्या. सतारिया आपली सतार घेऊन येतो. पियानोवाल्याला सभागृहात जे उभं असेल त्यावर वाजवावं लागतं. आणि दिल्लीची हवा! मे महिन्यात पंचेचाळीस अंशांची कोरडी भट्टी, ऑगस्टमध्ये दमट, जानेवारीत धुकं. लाकूड फुगतं, आकसतं, दोनशेहून जास्त तारा आपापल्या वाटेने उतरतात. वर्षातून निदान तीन-चारदा वाद्य लावायला हवं. लावणारे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एका सभागृहात (नाव कशाला घ्या) पियानोवर चादर घालून त्यावर पुष्पगुच्छांच्या टोपल्या ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. कार्यक्रम अर्थातच ‘जागतिक संगीत’ या विषयावर परिसंवादाचा होता.

गुडगाव-नोएडात पियानो शिकणारी मुलं आहेत. पण शिकणं म्हणजे लंडनच्या परीक्षा. आठवी श्रेणी पार पडली की प्रमाणपत्र फ्रेममध्ये आणि मूल कोट्याच्या क्लासला. जे एखादं अडून बसतं, वाजवायचंच म्हणतं, त्याला शिक्षक प्रामाणिकपणे सांगतात की बाहेर जा. मग ते जातं. तिथे त्याला शोपँ वाजवणारे हजार सापडतात, म्हणून त्याच्याकडे राग मागितला जातो. घरी येतं तेव्हा आपण त्याच्याकडे शोपँ मागतो, आणि राग वाजवला तर मींड कुठे आहे म्हणून विचारतो. ज्याला कार्यक्रमपत्रिकेत ‘कोलॅबोरेशन’ म्हणतात, ते पुष्कळदा या दोन मागण्यांच्या मधली तडजोड असते. त्यातून कधी चांगलं संगीतही निघतं, ते त्या माणसाच्या जिद्दीने.

तेव्हा सभागृहांच्या व्यवस्थापकांना माझं सांगणं साधं आहे. सकाळी दहा ते एक तुमचे पियानो कुलपातच असतात. त्या वेळात ते या शहरातल्या वादकांना सरावाला द्या, माफक भाडं घ्या, आणि त्या भाड्यातून वाद्य लावणाऱ्याला दर तीन महिन्यांनी बोलवा. शंभर रुपयांचं का होईना, तिकीट लावा. आणि निवेदकाला सांगा, देशांची यादी खिशात राहू दे, आज कोणता राग आहे किंवा कुणाची रचना आहे ते आधी वाच.