कड्याची नोंदवही



आमच्या श्रीपुरात कातळकडा नाही. साखर कारखान्याचे धुराडे हीच आमची उंची. चोहीकडे ऊस आणि सपाट रान. मग या सदरात कडे चढणाऱ्यांसाठी मोबाईलवरची मार्गदर्शिका कशी असावी, हा विषय कशाला, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. आपली मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुणे-मुंबई गाठतात. तेथे रविवारी मित्रमंडळींबरोबर गडावर जातात. त्यांतली काही दोर बांधून कडा चढायलाही शिकतात. शिवाय ज्यांनी संगणकाचे शिक्षण घेतले आहे, त्यांच्यापैकी कोणाच्या हाती उद्या असे अ‍ॅप बनवण्याचे काम येऊ शकते. चढणारा आपल्या घरातला, बनवणारा आपल्या घरातला, आणि रात्री दाराकडे डोळे लावून बसणारी आईही आपल्याच घरातली. तेव्हा हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

प्रथम हे काय आहे ते पाहू. प्रस्तरारोहण म्हणजे सरळसोट कातळावर हातापायांच्या बळावर चढणे. दोर असतो, पण तो ओढून वर जाण्यासाठी नव्हे. हात निसटलाच तर माणूस खाली जाऊ नये, यासाठी तो असतो. हा दोर कातळात बसवलेल्या बोल्टांना अडकवत वर न्यावा लागतो. एकाच कड्यावर अनेक मार्ग असतात. एक नवख्याला झेपणारा, तर त्याच्या शेजारचा चांगल्या तयारीच्या माणसालाही दमवणारा. कोणता मार्ग कोठून सुरू होतो, किती फुटांचा आहे, दोर किती लांब लागतो, बोल्ट किती आहेत आणि वर पोचल्यावर उतरायचे कोठून, ही माहिती ज्यात असते ती चढाईची मार्गदर्शिका.

इंग्लंडमध्ये हॅस्केट स्मिथ नावाच्या गृहस्थांनी असे पुस्तक १८९४ साली काढले. आपल्याकडे हरीश कपाडिया यांच्या ‘ट्रेक द सह्याद्रीज’ या पुस्तकाने डोंगर भटकणाऱ्यांना वाटा दाखवल्या. आता हेच काम मोबाईलवर आले आहे. ब्रिटनचे रॉकफॅक्स, अमेरिकेचे माउंटन प्रोजेक्ट, ऑस्ट्रेलियातले द क्रॅग ही त्यांतली नावाजलेली नावे. पडद्यावर कड्याचा फोटो येतो, त्यावर मार्गांच्या रेघा असतात, रेघेवर बोट ठेवले की माहिती उघडते.

हा केवळ परदेशी शौक आहे असेही समजू नये. मुंबईची गिरिविहार ही संस्था १९५४ सालापासून डोंगरात काम करते आहे. २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत या खेळाची विश्वचषक स्पर्धा भरली होती. २०२१ साली पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तर हा खेळ पहिल्यांदाच सामील झाला. नागफणी, तैलबैला, लिंगाणा, जीवधनजवळची वानरलिंगी, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ही सह्याद्रीतली ठिकाणे चढणाऱ्यांच्या तोंडी नेहमी असतात.

आम्ही पेशाने कारकून. कडा आम्ही पायथ्यावरूनच पाहिलेला. परंतु नोंदवही म्हणजे काय, हे आम्हाला कळते आणि मार्गदर्शिका ही शेवटी कड्याची नोंदवहीच आहे. कोणत्याही नोंदीला तीन गोष्टी लागतात. तारीख लागते, ज्याची नोंद त्याचे खरे नाव लागते, आणि सही लागते. यांपैकी एक जरी नसली तरी ती नोंद नव्हे, ती ऐकीव गोष्ट. कार्यालयात अशा नोंदीने एखाद्याची पेन्शन अडते. कड्यावर अशा नोंदीने जीव जातो.

पहिली गोष्ट तारखेची. सह्याद्रीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. या थरांमध्ये कोठे माती, कोठे गवत, कोठे सुटा दगड. त्यावर दरवर्षी चार महिने धुवाधार पाऊस. गेल्या वर्षी घट्ट असलेला दगड यंदा हातात येतो. लोखंडी बोल्टाला गंज चढतो, आणि तो बाहेरून बरा दिसला तरी आत कातळात काय अवस्था आहे हे दिसत नाही. कागदी पुस्तक जुने झाले की पाने पिवळी पडतात आणि वाचणारा आपोआप सावध होतो. मोबाईलच्या पडद्याला वय नसते. बारा वर्षांपूर्वीची नोंद आणि कालची नोंद तेथे सारखीच ताजी, सारखीच चकचकीत दिसते. या माध्यमाचा हाच मोठा धोका आहे, असे आमचे मत आहे.

म्हणून अ‍ॅप बनवणाऱ्याने प्रत्येक मार्गाच्या नावाखाली ठळक अक्षरांत लिहावे: शेवटची चढाई अमुक तारखेला, बोल्ट तपासले अमुक तारखेला. पावसाळा संपला की प्रत्येक नोंदीवर ‘पावसानंतर तपासलेले नाही’ हा शेरा आपोआप पडावा, आणि जाणत्या माणसाने प्रत्यक्ष पाहून आल्यावरच तो निघावा. कड्याला आग्या मोहोळ लागले असेल, तर ती सूचना सर्वांत वर हवी. लांब चोचीची गिधाडे कड्यांवरच घरटी करतात. त्यांच्या विणीच्या दिवसांत तो मार्ग बंद दाखवला पाहिजे.

तारखेइतकीच महत्त्वाची बाब म्हणजे नोंद वेळेला उघडली पाहिजे. कड्याच्या पायथ्याशी अनेक ठिकाणी रेंज नसते. जे अ‍ॅप रेंज असल्याशिवाय उघडत नाही, ते तेथे निरुपयोगी. सगळी माहिती घरूनच मोबाईलमध्ये उतरवून घेता आली पाहिजे, आणि ती स्वस्तातल्या मोबाईलमध्येही मावली पाहिजे. भर उन्हात पडदा दिसत नाही, बोटांना खडूची पूड लागलेली असते. तेव्हा अक्षर मोठे, बटण मोठे आणि भाषा मराठी हवी. शोभेच्या चित्रांपेक्षा याची किंमत जास्त आहे.

दुसरी गोष्ट नावाची. लोणावळा-खंडाळ्याजवळचा नागफणीचा कडा पुष्कळ जण ‘ड्यूक्स नोज’ या नावाने ओळखतात. हा ड्यूक म्हणजे वेलिंग्टन. कड्याचा आकार त्याच्या नाकासारखा दिसला, म्हणून इंग्रजांनी ते नाव ठेवले. पायथ्याच्या माणसाला तो नागाच्या फणीसारखा दिसला, म्हणून नागफणी. मोबाईलवर कोणते नाव वर आणि कोणते कंसात, हे बनवणाराच ठरवतो. पुढची पिढी तेच नाव खरे मानते.

याहून गंभीर बाब पुढे आहे. जो पहिल्यांदा मार्ग चढतो त्याने मार्गाला नाव द्यावे, अशी या खेळातली रीत आहे. अमेरिकेत या रीतीतून काळ्या लोकांना आणि स्त्रियांना हिणवणारी नावेही पुस्तकांत शिरली व तेथून मोबाईलवर आली. थट्टा म्हणून कोणी ती चालवूनही घेतली. २०२० साली वर्णद्वेषाविरुद्ध तेथे मोठे आंदोलन उभे राहिले, तेव्हा या नावांचा हिशेब मागितला गेला. वायोमिंग राज्यातील टेन स्लीप दरीत एका कातळभिंतीच्या नावातच गुलामगिरी होती, ते नाव बदलले गेले. माउंटन प्रोजेक्टनेही अपमानकारक नावांवर बोट ठेवण्याची सोय वाचकांना करून दिली.

आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. वस्तीचे नाव सांगितले की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे आपल्या आई-वडिलांनी पाहिले आहे. त्याच २०२० सालच्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. शासनाने कागदावरून जे पुसायचे ठरवले, ते अ‍ॅपच्या नकाशातून मागल्या दाराने परत येता कामा नये. पायथ्याच्या वस्तीचे नाव काय लिहायचे, हे त्या वस्तीतल्या लोकांना विचारून लिहावे. कोणाला खाली पाहायला लावणारे नाव नोंदीत घेऊच नये, मग पहिला चढणारा कितीही मोठा असो.

तिसरी गोष्ट सहीची. अमुक कडा अमुक पथकाने अमुक साली सर केला, अशी नोंद मार्गदर्शिकेत असते. पण कड्याच्या पायथ्यापर्यंत जंगलातून वाट कोणी दाखवली? पाण्याचे टाके कोठे आहे हे कोणी सांगितले? सह्याद्रीत ही माहिती बहुतेक वेळा ठाकर, महादेव कोळी अशा डोंगरात राहणाऱ्या माणसांची असते. शहरातली मंडळी ती ऐकतात, लिहितात आणि खाली स्वतःचे नाव टाकतात. सांगणारा ‘एक स्थानिक वाटाड्या’ होऊन राहतो.

बंधू-भगिनींनो, कार्ल्याच्या बौद्ध लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यांत धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या एका सुताराची, त्याने केलेल्या दाराच्या कामासाठी नोंद आहे. त्याच्या पित्याचे नावही तेथे आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण, सोपारा येथील दात्यांची नावे कोरलेली आहेत. छिन्नीने एकेक अक्षर खोदण्याचे कष्ट होते, तरीही कष्टकऱ्याचे नाव कोरले गेले. येथे तर बोटाने चार अक्षरे टाईप करायची आहेत. तेव्हा प्रत्येक नोंदीत ‘वाट कोणी दाखवली’ हा रकाना असलाच पाहिजे. त्या वाटाड्याची संमती असेल तर त्याचा फोन नंबर आणि दिवसाची मजुरीही द्यावी. अन्यथा त्याचे ज्ञान मोबाईलमध्ये जाईल आणि त्याची रोजी मात्र बुडेल.

कान्हेरीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक. त्या परिसरातील कातळावर मुंबईचे गिर्यारोहक अनेक वर्षे सराव करीत आले आहेत. त्याला आमची हरकत नाही. परंतु लेणी व त्यांची भिंत हा चढण्याचा कातळ नव्हे. १९५८ च्या कायद्याने ती संरक्षित स्मारके आहेत. अ‍ॅपमध्ये लेण्यांची हद्द लाल रेघेने दाखवावी, तेथे एकही मार्ग नोंदवू नये. शेजारी दोन ओळींत त्या लेण्यांची माहिती द्यावी. चढायला आलेला तरुण तेवढे वाचून गेला तरी पुष्कळ झाले.

आता घरच्या माणसांविषयी. आमच्या ओळखीची एक मुलगी कॉलेजच्या प्रकल्पासाठी असेच अ‍ॅप करते आहे. तिला आम्ही एकच जास्तीची सोय सुचवली. निघण्यापूर्वी कडा, मार्ग, सोबत्यांची नावे आणि परतण्याची वेळ लिहून तो निरोप घरच्या मोबाईलवर जावा. ठरलेली वेळ टळली तर काय करायचे, तेही त्यातच लिहिलेले असावे. ११२ हा आपत्कालीन क्रमांक असावा आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर या बचावकार्य जुळवणाऱ्या केंद्राशी संपर्क कसा करावा हेही असावे. मुलगा नेमका कोणत्या डोंगरावर गेला हेच घरी ठाऊक नसेल, तर शोधणाऱ्यांनी सुरुवात कोठून करावी?

मार्ग किती अवघड, याचा आकडा देण्याच्या पद्धती आहेत. फ्रान्सची वेगळी, अमेरिकेची वेगळी. हा आकडा चढून आलेल्यांच्या मतावर ठरतो. उंच पुरुषाचा हात जेथे सहज पोचतो, तेथे बुटक्या माणसाला किंवा मुलीला दुसरी युक्ती काढावी लागते. म्हणून आकडा देताना मुलींचेही मत घ्यावे आणि किती जणांच्या मतावर तो ठरला, ते लिहावे.

शेवटी एक स्पष्ट सांगतो. मोबाईल कडा दाखवील, चढायला शिकवणार नाही. गाठ मारणे, दोर धरणे हे जाणत्या प्रशिक्षकासमोर, पुन्हा पुन्हा करूनच शिकावे लागते. अ‍ॅप पाहून थेट कड्याला हात घालू नये. ज्यांना अ‍ॅप बनवायचे आहे त्यांनी सारा सह्याद्री एकदम उचलू नये. एक लहान कातळ घ्यावा, तेथे चढणाऱ्यांबरोबर आणि पायथ्याच्या लोकांबरोबर चार दिवस घालवावेत. पाच मार्गांच्या नोंदी तारीख, नाव आणि सहीनिशी पुऱ्या कराव्यात. मग तो मोबाईल एका नवख्याच्या हाती द्यावा, आपण गप्प उभे राहावे आणि तो कोठे अडखळतो ते वहीत टिपून घ्यावे.

ज्यांची मुले पुण्या-मुंबईला आहेत त्यांनी एवढे करावे. पुढच्या फोनवर जेवणाखाण्याची चौकशी झाली की, रविवारी कोठे जातोस, कोणाबरोबर जातेस, परत कधी येणार, हेही विचारून घ्यावे.