सातोंच्या गर्दीत बायकांची आडनावं

सेंदाईतल्या आमच्या ऑफिसात नुसतं ‘सातो-सान’ म्हटलं की दोन-तीन माना वर होतात. म्हणून ‘हिशेबातले सातो’, ‘विक्रीतल्या सातो’ असं म्हणायचं. शंभर येनच्या दुकानात आडनावांचे तयार शिक्के मिळतात, त्यांत सातो हमखास सापडतो. विरळ आडनावाच्या माणसाला शिक्का मुद्दाम करून घ्यावा लागतो.

जपानमध्ये दर 65 माणसांमागे साधारण एक सातो. इथे ईशान्येला, अकिता-यामागाताकडे, त्यांची दाटी जास्त. पश्चिमेला तानाका, यामामोतो पुढे. सातोमधलं दुसरं अक्षर फुजिवारा या जुन्या दरबारी घराण्याशी नातं सांगतं. पहिलं कुणी ‘साएमोन’ या पहारेकरी हुद्द्याशी जोडतं, कुणी सानो गावाशी. हुद्द्यावरून आडनाव पडणं आपल्या कुलकर्णी-देशपांड्यांना नवं नाही. सगळे सातो एका रक्ताचे मात्र नाहीत. 1870 मध्ये सामान्यांना आडनाव लावायची मुभा मिळाली, 1875 मध्ये ते सक्तीचं झालं.

आमच्याच शहरातल्या तोहोकू विद्यापीठाचे प्राध्यापक हिरोशी योशिदा यांनी 2024 मध्ये गणित मांडलं: विवाहाचा कायदा असाच राहिला, तर 2531 साली सगळा जपान सातो होईल. लोक हसले. पाचशे वर्षांचं गणित शब्दशः घ्यायचं नसतंच. पण ज्या कायद्यामुळे ते मांडावं लागलं, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

नागरी संहितेच्या कलम 750 नुसार नवरा-बायकोला एकच आडनाव घ्यावं लागतं. कुणाचं, हे दोघांनी ठरवायचं. कागदावर समानता, प्रत्यक्षात सुमारे 95 टक्के जोडप्यांत बायकोच आडनाव सोडते. मग बँक, परवाना, पासपोर्ट सगळं बदला. संशोधक असेल तर जुने निबंध आपलेच आहेत हे पटवत बसा. पासपोर्टवर जुनं आडनाव कंसात छापून मिळतं, पण परदेशी विमानतळावर त्या कंसाचा अर्थ तिनेच समजावायचा. केइदानरेन ही बड्या उद्योगांची संघटनाही 2024 मध्ये बदल मागू लागली, ती उगाच नव्हे.

आणि गंमत अशी, की ही सक्ती परदेशी जोडीदाराला लागू नाही. इथल्या मुलीने पुण्याच्या जोशीशी लग्न केलं तर तिचं आडनाव कायम राहतं. शेजारच्या गल्लीतल्या सुझुकीशी केलं तर दोघांपैकी एकाचं जाणार. सर्वोच्च न्यायालयाने 2015 आणि 2021 मध्ये हा कायदा वैध ठरवला. मला ते निवाडे पटत नाहीत.

वेगळ्या आडनावांनी कुटुंब विस्कटेल, असं विरोधक म्हणतात. त्यांनी आपल्याच पुढाऱ्यांकडे पाहावं. नोबुसुके किशी आणि एइसाकू सातो, दोघेही पंतप्रधान झाले आणि दोघे सख्खे भाऊ. वडील किशी घराण्यातले, सासरचं सातो आडनाव घेतलेले. नोबुसुके पुन्हा किशींकडे दत्तक गेले. ते घर विस्कटलं असं कुणी म्हणत नाही. वारस हवा असला की आडनाव इकडून तिकडे नेलेलं चालतं, बाईने स्वतःचं जपायचं म्हटलं की संस्कृती बुडते!

एक आडनाव हवं असलेल्यांना ते खुशाल घेऊ द्या. ज्यांना नको, त्यांच्यावर लादू नका. संसदेने एवढं केलं तरी पुरे. मग सातो कितीही वाढोत.