मेजावरील देह आणि खाटेवरील रुग्ण
उमरखेड तालुक्यातील ढाणकीहून यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यास, २०१९ पासून देशभर अमलात आलेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमानुसार, शरीररचना व शरीरक्रिया शिकतानाच पहिल्या वर्षी रुग्णाचे दर्शन घडावे, ही सुधारणा आम्हांस स्वागतार्ह वाटते. कारण मज्जातंतूचा मार्ग मुखोद्गत असणे आणि त्याच्या इजेने मनगटातून लुळा पडलेला हात प्रत्यक्ष पाहणे, यांतील अंतर घोकंपट्टीने कधीच मिटले नव्हते. मात्र त्रिमितीय चित्रांच्या मोहात (यंत्रखरेदीचा उत्साह सरकारदरबारी नेहमीच दांडगा!) शवविच्छेदन मागे पडता कामा नये. १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाने बेवारस मृतदेह महाविद्यालयांस मिळण्याची तजवीज केली. आता देहदानाची संमतिपत्रे तालुक्याच्या रुग्णालयातच स्वीकारण्याचा बंदोबस्त सरकारने करावा.